मनाची सनद

स्थापत्यशास्त्राकडे निघालेल्या मुलास पूल कसा बांधावा हे त्याचे नातलग सहसा सांगत नाहीत, आणि दंतवैद्यक शिकू पाहणाऱ्या मुलीस दाढ कशी उपटावी याविषयी तिची आत्याही मौन पाळते. परंतु मानसशास्त्राच्या पदवीसाठी महाविद्यालय निवडावयाचे आहे, एवढी वार्ता फुटण्याचा अवकाश, की ज्याच्या देहात मन नामक वस्तूचा यत्किंचित अंश आहे असा प्रत्येक इसम स्वतःस त्या शास्त्राचा आचार्य समजून मसलतीस रुजू होतो. माझ्या भाचीने बारावीनंतर हा मनोदय प्रकट केला, तेव्हा पुण्यात तिच्या घरी जी पंचायत भरली तीत सर्वांच्या कैफियती झाल्या. फक्त तिची तेवढी राहिली.

तिच्या आत्याबाईंच्या मते या विद्येचा रस्ता थेट येरवड्याच्या मनोरुग्णालयात जातो आणि त्या रस्त्याने गेलेल्या मुलीस स्थळे सांगून येत नाहीत. काकांचा आक्षेप अधिक तात्त्विक होता. चेहरा पाहताच माणसाचे अंतःकरण ओळखण्याची कला त्यांना सरकारी कचेरीत आपोआप साध्य झाली असल्याने तिच्यासाठी तीन-चार वर्षांचे शुल्क भरणे त्यांना उधळपट्टी वाटे. जमिनीच्या व्यवहारात त्यांना ज्याने बुडविले, त्याची मुद्रा त्यांना फारच सात्त्विक वाटली होती, ही गोष्ट मी त्या प्रसंगी काढली नाही.

अखेर माहितीपत्रकांची चळत माझ्याकडे आली. कला शाखेची पदवी घ्यावी की विज्ञान शाखेची, तीन वर्षांत बाहेर पडावे की चौथे वर्ष काढून ‘ऑनर्स’ व्हावे, असे विकल्प त्यांत होते. आणि बहुतेक मुखपृष्ठांवर मस्तकात दंतचक्रे फिरत असलेला एक चिंताग्रस्त पुरुष होता. आतील मजकुरात मात्र एक सापळा होता. गणिताचा ससेमिरा चुकवावा म्हणून जे विद्यार्थी स्वप्नांचे अर्थ लावावयास या शास्त्राच्या आश्रयास येतात, त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात संख्याशास्त्र गाठते, आणि मानवी व्यथेचा ठाव घेण्यापूर्वी प्रमाण विचलन व सहसंबंध गुणक यांची व्यथा भोगावी लागते. मी ते पान भाचीपुढे धरले. “मामा, माझे गणित चांगले आहे,” ती म्हणाली. घरात ही माहिती कोणासच नव्हती.

पदवीची महती जोखण्यासाठी मी या शास्त्राच्या मूळ पुरुषांचे दाखले पाहिले, तो निराळाच प्रकार. १८७९ साली लाइपझिग येथे पहिली प्रयोगशाळा स्थापणारा वुंट वैद्य, अमेरिकेत या विद्येचा पाया घालणारा विल्यम जेम्स वैद्यकाचाच पदवीधर, फ्रॉइडही डॉक्टर, आणि ज्याच्या कुत्र्यांवाचून कोणतेही क्रमिक पुस्तक पूर्ण होत नाही त्या पाव्हलॉवला १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल! आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये या विषयाचा पहिला विभाग निघाला, त्यापूर्वी देशातील मनांचे कसे निभले कोण जाणे.

तेव्हा या विद्येची सनद नसली तरी चालत होते. आता चालत नाही, आणि चालू नये हेच इष्ट. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून रुग्ण तपासावयाचे तर पदवी ही केवळ देवडी, पुढे एम. ए., त्यापुढे रुग्णालयातील प्रशिक्षणासह एम. फिल., आणि मग भारतीय पुनर्वसन परिषदेच्या दप्तरी नोंद, असा क्रम चालत आला. अशात २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल. मुळातूनच बंद करण्याचे ठरविले. या विषयाला काही वर्षांची मुदत मिळाली इतकेच. अठरा वर्षांच्या मुलीने असल्या जिन्याचा पायथा निवडावा आणि वडीलधाऱ्यांनी घरापासून बसचा थांबा किती दूर याचीच चौकशी करावी, हे पाहून मला तिच्या अभ्यासासाठी घरातच विपुल सामग्री असल्याची खात्री पटली.

तिने महाविद्यालय निवडले ते प्रयोगशाळा पाहून. आरशात पाहून तारा गिरविण्याचे उपकरण तेथे चालू स्थितीत होते. अन्यत्र ते कपाटात, आणि किल्ली रजेवरील शिपायाकडे. प्रवेश झाला, सत्र लागले, आणि बुद्धिमापन चाचणीच्या सरावासाठी माणसे हवी होती म्हणून तिने घरीच विचारले. काका दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून प्रथम आले. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागून घेतली, कारण सकाळी त्यांचे डोके अधिक चालते. आणि सरावाचा निकाल सांगता येत नाही असे भाचीने परोपरीने समजाविले तरी, काकांपेक्षा आपले गुण अधिक असल्यास तसा दाखला महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी मिळावा, असा लेखी अर्ज त्यांनी तिच्या हाती दिला.