खरखरीचा जीर्णोद्धार

ज्या खरखरीचा बंदोबस्त करण्यासाठी १९४० साली बर्लिनच्या नभोवाणीतील वाल्टर वेबर या अभियंत्याने ध्वनिफितीला उच्च कंपनसंख्येच्या प्रवाहाची जोड दिली, आणि जिच्या निर्मूलनासाठी रे डॉल्बी याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनीच थाटली, तीच खरखर परत मिळावी म्हणून हल्लीचे सुशिक्षित तरुण रात्र-रात्र सोल्डरिंगच्या धुरात डोळे लाल करून बसतात, हे पाहिले म्हणजे मानवी प्रगतीविषयीचा आदर दुणावतो.

फितीविना फितीचा तो नाद परिपथातून काढण्याची तजवीज अशी, की प्रथम उच्च स्वर उंचवायचे, मग दोन डायोड उलटसुलट जोडून लहरींची शिखरे छाटायची आणि अखेर ते उंचावलेले स्वर पुनश्च खाली आणायचे. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टला कापतो, तोही कचकन, जर्मेनियमचा ०.३ च्या आसपासच हळूहळू सैल पडतो, म्हणून त्याचा मान मोठा, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दामही.

परंतु डायोडला स्मृती नाही. फितीवरील लोह-ऑक्साइडचे कण, म्हणजे खरे पाहता गंजच, मागील क्षणाचे चुंबकत्व सहजी सोडत नाहीत, आणि त्या नादाची सारी मिजास या हट्टावर उभी असते. म्हणून काही जाणकार मध्ये इवलासा ट्रान्सफॉर्मर घालतात, ज्याचे लोखंड खर्जात लवकर संपृक्त होऊन थोडाफार तसाच हट्ट धरते. फितीच्या वेगातील थरथरीसाठी निराळा परिपथ असतो.

इतके सिद्ध झाल्यावर तो नाद संगणकात, अर्थातच निर्दोष २४ बिटांत, उतरवून घेतात. गुंतलेली कॅसेट पेन्सिलीने गुंडाळण्याचा परिपथ मात्र अद्याप कोणी मनावर घेतलेला दिसत नाही.