मुदत फक्त पोट्ट्यालाच

पीएचडी किती वर्षांत संपवायची, याचा नियम आहे. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा. यूजीसीने ७ नोव्हेंबर २०२२ ला तो राजपत्रात छापला. फेलोशिपचा हप्ता किती दिवसांत खात्यात पडला पाहिजे, याचा नियम कुठल्या राजपत्रात आहे?

शोधून सांगा. सापडला तर विनाव्हायवा डॉक्टरेट.

मानोरा तालुक्यातलं इंझोरी घ्या. जिल्हा वाशिम. २०१८ मध्ये नीती आयोगाने या जिल्ह्याला ‘आकांक्षित’ ठरवलं. आता इंझोरीतल्या एखाद्या पोट्ट्याला खरोखरच पीएचडीची आकांक्षा झाली, तर त्याने आधी नकाशा विकत घ्यावा. उत्पन्नाचा दाखला मानोऱ्याला. जात पडताळणी वाशिमला. विद्यापीठ अमरावतीला. फेलोशिप देणाऱ्या संस्थांपैकी बार्टी आणि सारथी पुण्याला. ओबीसी असेल तर महाज्योती नागपूरला.

विषय कोणताही निवडा, पहिलं वर्ष प्रवासवर्णनातच जातं.

याच जिल्ह्यातल्या कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग गेलाय. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई आठ तासांत. फाईलला अजून त्याचा टोल परवडलेला दिसत नाही.

आता नियम बघा. फेलोशिप घेणाऱ्याने पूर्णवेळ संशोधन करायचं. दुसरीकडे नोकरी करायची नाही, तसं लिहून द्यायचं. हजेरी लावायची. प्रगती अहवाल द्यायचा, त्यावर गाईडची सही, संशोधन केंद्रप्रमुखाची सही, शिक्का, तारीख. सगळं रास्त आहे. सरकारी पैसा आहे, हिशेब हवाच.

फक्त पैसा तेवढा यायचा राहतो.

म्हणजे कमवायला बंदी आणि द्यायला सवड नाही. खोलीमालक आणि खानावळवाला यांनी मात्र असं काही लिहून दिलेलं नसतं. ते पहिल्या तारखेला दारात उभे.

गावी बाप विचारतो, “काय रे बाबू, आले काय पैसे?”

“सही व्हायची हाये, बाबा.”

“कोनाची?”

याचं उत्तर आजवर एकाही प्रबंधात आलेलं नाही.

यूजीसीच्या ज्युनियर फेलोशिपचा आकडा १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार झाला. सीनियरला ४२ हजार. कागदावर बघितलं की शेजाऱ्याच्या पोटात दुखतं. पण वर्षभर काहीच नाही आणि मग एकदम थकबाकी, याला पगार म्हणतात का? सोयाबीनचा चुकारासुद्धा यापेक्षा वक्तशीर असतो, आणि सोयाबीनवाल्याला कोणी सहा महिन्यांचा प्रगती अहवाल मागत नाही.

आणि ज्याला ना जेआरएफ, ना बार्टी, ना सारथी, ना महाज्योती? केंद्रीय विद्यापीठात नेट नसलेल्या संशोधकाला महिना ८ हजार तरी मिळतात. राज्य विद्यापीठाला ती योजना लागूच नाही. २०१५ मध्ये यूजीसी ती बंद करायला निघाली होती, तेव्हा दिल्लीत पोरं यूजीसीच्या दारात जाऊन बसली आणि योजना वाचली.

आपल्याकडे बंद करायचा प्रश्नच नाही. चालूच कोणी केली होती?

डिसेंबर २०२३. नागपूरचं हिवाळी अधिवेशन. विधान परिषदेत सारथीच्या फेलोशिपचा विषय निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, पीएचडी करून काय दिवे लावणार? राज्यभर गदारोळ झाला. खरं तर प्रश्न बरोबर होता. राज्य ज्यावर पैसा खर्च करतं, त्याचं फलित विचारलंच पाहिजे.

मग तो सगळ्यांनाच विचारा की. महामंडळांना, समित्यांना, अभ्यासदौऱ्यांना. पहिला नंबर पोट्ट्याचाच का?

त्याच महिन्यात सरकारनेही एक दिवा लावला. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी २४ डिसेंबरला चाळणी परीक्षा घेतली. पेपर कोणता? २०१९ च्या सेट परीक्षेचा. जसाच्या तसा.

यूजीसीचा २०१८ चा वाङ्मयचौर्याचा नियम असा: प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, साठ टक्क्यांच्या वर गेलं की नोंदणी रद्द. इथे साम्य किती होतं, ते वाचकांनीच मोजावं. नोंदणी कोणाची रद्द झाली?

परीक्षा पुन्हा झाली, १० जानेवारी २०२४ ला. या वेळी काही केंद्रांवर प्रश्नपत्रिकांना सीलच नसल्याची तक्रार. पोरांनी बहिष्कार टाकला. संशोधनाची पात्रता तपासायला निघालेल्यांना पाकीट चिकटवता येईना.

त्याआधीच्या तुकडीची गोष्ट तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी. बार्टीकडे ८६१ जण पात्र. सरकार म्हणालं, देणार फक्त २०० जणांना. पोरं २०२३ मध्ये आझाद मैदानावर जाऊन बसली. दिवसांमागून दिवस गेले. शेवटी ८६१ च्या ८६१ जणांना द्यावीच लागली.

म्हणजे पैसे होते. मग मैदानावर बसवलं कशाला?

२०२४ मध्ये नवी युक्ती. पूर्ण नको, निम्मी फेलोशिप देऊ. पुन्हा आंदोलन, पुन्हा माघार. अर्धी फेलोशिप म्हणजे काय हो? प्रबंधाची डावीकडची पानंच लिहायची?

दर वेळी तोच क्रम. आधी नकार, मग उपोषण, मग मंत्र्यांसोबत फोटो, मग “सरकार विद्यार्थ्यांच्या पाठीशी आहे”. पाठीशी आहे हे खरंच. पुढे कधी दिसलं नाही.

आता इतिहासाची गंमत. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एका तरुणाला अमेरिकेला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. करार केला, परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची. अट कडक होती. पण कोलंबिया विद्यापीठातल्या भीमराव आंबेडकरांना हप्त्यासाठी बडोद्याच्या राजवाड्यासमोर उपोषणाला बसावं लागलं नाही.

तेव्हा पोर्टल नव्हतं ना. म्हणून जमलं असेल.

आज त्याच बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आहे. सावित्रीबाईंच्या नावाने आधार. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह भत्ता. दीनदयाळांच्या नावाने स्वयम्. नावं ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही. स्वाधारमध्ये अमरावतीसारख्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला ५१ हजार. म्हणजे महिना ४,२५०. यात राहायचं, जेवायचं आणि ७५ टक्के हजेरी भरायची.

रक्कम कित्येकांच्या खात्यात निकालानंतर पडते. पोरगं पास झालं, आता जेवायला हरकत नाही.

पापळच्या पंजाबरावांनी परदेशात जाऊन वेदवाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी छात्रालय काढलं. त्यांना आधी जेवणाची सोय सुचली. आपल्याला आधी अर्जाचा नमुना सुचतो.

आणि विद्यापीठ कोणाच्या नावाचं? गाडगेबाबांच्या. स्वतः निरक्षर. पण गावोगाव फिरून सांगत, भांडी विका, हातावर भाकरी खा, पण पोरांना शिकवा. पंढरपूर, नाशिक, मुंबईला धर्मशाळा बांधल्या, त्याही लोकवर्गणीतून. त्यांच्या धर्मशाळेत शिरताना नॉन-क्रिमिलेअर लागत नव्हतं.

प्रतिज्ञापत्राचंच बघा. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हे सरकार २००४ पासून सांगतंय. तरी खिडकीवरचे साहेब स्टॅम्प पेपर मागतातच. २०२४ मध्ये शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाला आणि सरकारला पुन्हा सांगावं लागलं की विद्यार्थ्यांना माफ आहे.

वीस वर्षांत आदेश मंत्रालयातून खिडकीपर्यंत पोचला नाही. त्याला समृद्धीने पाठवा.

आता गाईड. नियमाने कायम प्राध्यापकच गाईड होऊ शकतो. प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी. उत्तम. पण कायम प्राध्यापकांची भरती? ती रखडलेली. म्हणजे गाईड होईल तो माणूस नेमायचा नाही, आणि गाईड नाही म्हणून पोट्ट्याची नोंदणी करायची नाही.

ज्याला गाईड मिळाला, तो भाग्यवान. काहींना सरांचं गॅस सिलिंडरही उचलावं लागतं, मॅडमच्या मुलाला शिकवणीवरून आणावं लागतं. तेही कोर्सवर्कच समजायचं.

तक्रार करा की! २०२३ पासून यूजीसीचा तक्रार निवारणाचा नियम आहे. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समितीत कोण? अध्यक्ष प्राध्यापक, सदस्य प्राध्यापक. विद्यार्थी एक, तोही विशेष निमंत्रित. म्हणजे सरांची तक्रार सरांच्या मित्रांपुढे, आणि पोट्टं पाहुणं.

तिथे न्याय मिळाला नाही तर वर लोकपाल. जून २०२४ मध्ये यूजीसीने ज्यांनी लोकपालच नेमला नाही अशा १५७ विद्यापीठांची यादी लावली. त्या विद्यापीठांची तक्रार कोणाकडे करायची? लोकपालाकडेच ना?

विद्यार्थी परिषदेकडे जा म्हणाल. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुका आहेत. कायद्यातच आहेत.

पोरंही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. पीएचडीच्या नावावर वसतिगृहातली खोली धरून एमपीएससीची तयारी करणारे आहेत. गुगल भाषांतरावर प्रबंध उभे करणारे आहेत. “पीएचडी चालू आहे” हे स्थळ सांगून येईपर्यंतच चालू ठेवणारेही आहेत. त्यांना जरूर पकडा. प्रगती अहवाल त्यासाठीच मागता ना? मग तो वाचा. न वाचता फाईलला टाचायचा, आणि चोर सापडत नाही म्हणून सगळ्या आळीचं रेशन बंद करायचं, ही कुठली शिस्त?

आणि मुली. २०२२ च्या नियमाने संशोधक महिलेला २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा आहे, मुदतीतही दोन वर्षं जादा सवलत आहे. चांगला नियम. फक्त तो तिला सांगायची जबाबदारी कोणावर नाही. तिला गावात आणि विभागात एकच सल्ला मिळतो: आधी लग्न करून घे.

नियम सांगायची जबाबदारी बाहेर कशी घेतात, तेही बघा. ऑक्सफर्डचं युनिव्हर्सिटी कॉलेज स्वतःचा जन्म १२४९ चा सांगतं. तिथे पदवीनंतर शिकणाऱ्यांची वेगळी कॉमन रूम असते, खचलेल्या पोराशी बोलायला नेमलेली माणसं असतात, अडचणीत मदतीचा निधी असतो. तिथेही नियम ढीगभर. पण नियम मोडला तर कोणाकडे जायचं आणि आपण मोडून पडलो तर कोणाकडे जायचं, हे पहिल्याच दिवशी हातात देतात.

आपल्याकडे पहिल्या दिवशी हातात काय देतात? चलन.

एवढं करून पदवी मिळाली. गाऊन घातला, फोटो काढला, इंझोरीच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. पुढे? तासिका तत्त्व. शिकवाल त्या तासाचे पैसे, सुटीत शून्य, जून उजाडला की पुन्हा मुलाखत. डॉक्टरसाहेब बी.ए.च्या वर्गात भारतीय कामगार कायदे शिकवतात.

स्वतःला लागू नसलेले.

एवढं सगळं सांगून मागणी फार नाही. फेलोशिप वाढवा म्हणत नाही, अटी काढा म्हणत नाही. सहा वर्षांची मुदत तर ठेवाच. ज्याला सहा वर्षांत जमत नाही, त्याला घरी पाठवा. फक्त तीच मुदत टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही लावा.

त्यासाठी नवा कायदा नको, समिती तर मुळीच नको. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड. फेलोशिपचा हप्ता, गाईडची सही, व्हायवाची तारीख, या तिन्हींना हाच कायदा लावा आणि त्याचा बोर्ड प्रत्येक संशोधन केंद्राच्या दारावर टांगा. दंड पगारातून कापा, अर्थसंकल्पातून नको.

पहिला पाचशेचा दंड ज्या महिन्यात कापला जाईल, त्याच्या पुढच्या महिन्यात पोट्ट्यांचे हप्ते वेळेवर येतील. यावर पीएचडी करायची गरज नाही.