दुधी पडला, कुकर आला

"काकू, ऐकलंत का? प्रधानीणबाई पडल्या."

"अगं बाई! कुठं? बाथरूममध्ये का? परवाच मंडईत दिसल्या होत्या मला, कारली निवडत होत्या."

"बँकेसमोरच्या प्रधानवहिनी नव्हेत हो. फुलेऱ्याच्या! मंजूदेवी, 'पंचायत'मधल्या."

काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवरचा हात उचलून कमरेवर ठेवला. "मग तसं सांगावं ना! आणि सांगितलंस तरी कशाला? माझे शेवटचे दोन भाग राहिलेत अजून."

"सीझन येऊन पंधरवडा झाला, काकू. मला वाटलं, बघून झाले असतील."

"आमच्याकडे मोबाइल हे धरून बसतात आणि टीव्हीला नेट लागतं ते नातवाची मर्जी असली तर. असो. पडल्या म्हणतेस? पडणारच होत्या. समोर कुकर आणि इकडे दुधी! दुधी शेवटी जायचा कुठं? कुकरातच की."

ज्यांनी 'पंचायत' ही वेबमालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातलं फुलेरा हे कल्पित गाव. तिथं मंजूदेवी प्रधान, म्हणजे आपल्याकडच्या सरपंच. कारभार मात्र नवरा ब्रिजभूषण दुबे यांचा. एप्रिल 2020 मध्ये, आपण सगळे दारं लावून घरात बसलो होतो तेव्हा, शहरातला एक इंजिनीअर पोरगा महिना वीस हजारांवर इथं पंचायतीचा सचिव म्हणून आला, आणि आपणही त्याच्याबरोबर फुलेऱ्यात राहायला गेलो. दुसरा सीझन 2022 ला, तिसरा 2024 ला. चौथा 2 जुलै 2025 ला यायचा होता, तो अलीकडे ओढून 24 जूनलाच आणला. दर वेळी आठच भाग. चौथ्यात गावाची निवडणूक लागली. मंजूदेवींना चिन्ह दुधी, आणि 'बनराकस' भूषणची बायको क्रांतीदेवी हिला प्रेशर कुकर. कुकर निवडून आला आणि आमच्या गल्लीत सुतक पडलं.

"सुतकच काय, भांडणं झालीत," मी काकूंना म्हटलं. "माझा भाऊ पुण्याहून फोन करून ओरडला. म्हणे, पहिल्या सीझनला चाकाच्या खुर्चीवरून आणि भुताच्या झाडावरून काय हसलो होतो, आता नुसतं राजकारण. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजवाल्या मुलीला प्रधानांची मुलगी रिंकी आणि सचिवजी सोडून काही नकोच होतं. ती म्हणते, चार सीझन वाट बघायला लावून एवढंसंच दाखवलं! आणि आमचे हे म्हणतात, बारा तास बघून हाती काय, तर बनराकस प्रधानपती."

"बारा तास?"

"बरं, पाच-सहा असतील. यांचं बोलणं तुम्हाला माहीत आहे."

"एका रात्रीत आठ भाग संपवायचे आणि सकाळी म्हणायचं, पोट भरलं नाही. आम्ही संध्याकाळी सातच्या मालिका बघतो. तिथं एक साखरपुडा महिनाभर चालतो, पण कुणाची तक्रार नाही."

हे काकूंचं म्हणणं मला पटलं नाही. भावाच्या बोलण्यात तथ्य आहे. पहिल्या सीझनमध्ये गोष्ट भागाभागाला सुटी होती: मॉनिटर चोरीला गेला, कुटुंबनियोजनाच्या घोषणेवरून गाव पेटलं, लग्नात नवरदेव रुसला. एक भाग बघून आपण समाधानानं झोपायला जात होतो. चौथ्यात आठही भाग एकाच निवडणुकीला बांधलेले. दोन्ही गट एकमेकांची बिंगं फोडतात, मग पुन्हा बिंगं फोडतात. मधले दोन भाग तर मी मेथी निवडत बघितले आणि काही हुकलं असं वाटलं नाही. लेखक चंदन कुमार यांचा हात माणसं रंगवण्यात आहे, डावपेचांत तेवढा नाही. हे मी बोलूनही दाखवलं.

"ते सोड," काकू म्हणाल्या. "पडल्या म्हणून तुम्हाला एवढं का लागलंय ते सांग."

"का म्हणजे? आपली माणसं आहेत ती! उपप्रधान प्रल्हाद, ऑफिसातला विकास, सचिवजी, प्रधानजी..."

"आपली कशी झाली? कॅमेरा त्यांच्या ओसरीवर बसलाय म्हणून. तोच कॅमेरा बनराकसच्या अंगणात लावला असता ना, तर तुम्ही आज पेढे वाटत असता."

मी गप्पच झाले. मग काकूंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. गावाचा रस्ता खड्ड्यांनी भरलेला, त्याची ओरड आधी कुणी केली? भूषणनं. घरकुलं आली तेव्हा पूरब फुलेऱ्याला दिली आणि पश्चिमेला ठेंगा दाखवला, हे कोण म्हणालं? भूषण. त्याच्या गटातल्या गरीब विनोदच्या घरी संडास नाही, हे कुणी पुढं आणलं?

"त्यात त्याचा स्वार्थ होता, काकू. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस तो."

"असेल. पण खड्डा खरा होता की नव्हता? विरोधक साधुसंत असता तर हिमालयात गेला असता, पंचायतीत कशाला आला असता? तुमचे दुबेजी गोड बोलतात, दुधी वाटतात, त्यांचं काम करणारे रघुवीर यादव तर काय, बघत राहावं. म्हणून इतकी वर्षं बायकोच्या खुर्चीत बसलेलं चालतं होय?"

आता इथं काकूंच्या जाऊबाईंची गोष्ट आल्याशिवाय राहत नाही, आणि ती यायलाच हवी. 2011 साली आपल्या राज्यानं पंचायतींत बायकांना निम्म्या जागा केल्या. पुढच्याच निवडणुकीत काकूंच्या जाऊबाई गावच्या सरपंच झाल्या. म्हणजे सही त्यांची आणि गाडी, शिक्का, सभा सगळं त्यांच्या नवऱ्याचं, काकूंच्या दिरांचं. ग्रामसेवक कागद घेऊन यायचा आणि सरळ दिरांकडे जायचा. जाऊबाई चहा ठेवायच्या. दोन वर्षं असं गेलं. मग एक दिवस त्यांनी मासिक सभेचं इतिवृत्त वाचायला मागितलं. गटाराच्या बिलावर सही करायच्या आधी गटार बघून आल्या. गटार नव्हतंच.

"मग?"

"मग काय. सही केली नाही. घरात महिनाभर अबोला. पण नंतरची अडीच वर्षं बाईनं कारभार केला हो! अंगणवाडीला छप्पर त्यांच्याच काळात आलं. आणि पुढच्या निवडणुकीला पडल्या."

"चांगलं काम करून?"

"लोकांनी पहिली दोन वर्षं लक्षात ठेवली होती. दिरांची. पाडायचं होतं दिरांना, पडल्या त्या. मंजूदेवींचं तेच झालं."

मी मनात चारही सीझन उलटून बघितले, तर काकूंचं म्हणणं अगदी बरोबर बसतंय. पहिल्या सीझनच्या शेवटी 26 जानेवारीचा भाग आठवा. कलेक्टर सगळ्यांसमोर प्रधानपतींना खडसावतात आणि मंजूदेवींनाच झेंडावंदन करावं लागतं. पाठ करून आणलेलं राष्ट्रगीत त्या अडखळत, पण शेवटपर्यंत म्हणतात. तिथून पुढं ही बाई वर्षावर्षानं प्रधान होत गेली. नीना गुप्तांनी ते किती जपून केलंय! आधी स्वयंपाकघरातून ऐकणं, मग दारात उभं राहणं, मग खुर्ची ओढून बसणं. आणि जेव्हा ती खऱ्या अर्थानं प्रधान झाली, तेव्हा गावानं नवऱ्याचा हिशोब तिच्या नावावर मांडला. आमच्या गल्लीला हे 'पोकळ' वाटतंय. मला तर हा चौथ्या सीझनचा सगळ्यात धीट निर्णय वाटतो. मधले दोन भाग मेथीसकट माफ.

आणि हे नुसतं पडद्यावरचं नाही. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं 'पंचायत'वाल्या टीव्हीएफकडूनच मार्च 2025 मध्ये 'असली प्रधान कौन' नावाचा लघुपट करून घेतला, तोही नीना गुप्तांनाच घेऊन, याच सरपंचपतींच्या दुखण्यावर. सरकारला जे समजवायला मालिकेतली बाई लागते, ते काकूंनी भिंतीपलीकडून फुकटात सांगितलं.

तेवढ्यात मागच्या बंगल्याचं फरशीकाम करणारे मिस्त्री पाणी प्यायला आले. ते मूळचे बलिया जिल्ह्यातलेच. काकूंनी त्यांनाही सोडलं नाही. "काय हो, तुमचा फुलेरा कसा वाटला?"

मिस्त्री हसले. म्हणाले, "ताई, गाव मस्त आहे, पण आमचं नाही." त्यांच्या घरी बोलतात ती भोजपुरी पडद्यावर अर्धीमुर्धीच येते, आणि जमीनही तिकडची दिसत नाही. कशी दिसेल? चित्रीकरण झालंय मध्य प्रदेशात, भोपाळजवळच्या सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. पण मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळाच: "विनोदला जेवायला बोलावलं तो भाग बघितलात?"

बघितला म्हणजे काय! त्या एका प्रसंगावर मात्र आमच्या गल्लीत सगळ्यांचं एकमत आहे, आणि ते दुर्मीळ आहे. विनोद हा भूषणच्या गटातला सगळ्यात गरीब गडी. दुसऱ्या सीझनपासून सगळा देश त्याचं नाव घेऊन हसतोय. त्याला फोडायला प्रधानांच्या घरी जेवायला बोलावतात. आग्रह करकरून वाढतात. इतका मान त्याला कुणी कधी दिलेला नाही. तो जेवतो, सुखावतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की हे ताट कशासाठी मांडलंय. आपण गरीब आहोत पण गद्दार नाही, एवढंच तो सांगतो आणि उठतो. अशोक पाठक या नटानं ते इतकं हळू केलंय की वाढणाऱ्यांइतकीच लाज बघणाऱ्याला वाटते.

"निवडणुकीच्या आठवड्यात आपल्याकडे ढाब्यांवर जागा मिळत नाही," काकू म्हणाल्या. "उठणारा एक तरी बघितलास का कधी?"

"आणि लक्षात घ्या," मी म्हटलं, "त्या प्रसंगात वाईट कोण ठरतं? आपलेच. प्रल्हाद, विकास, सचिव, सगळे त्या ओसरीवर बसलेले."

"मग मी मघापासून काय सांगतेय?"

प्रल्हादचं नाव निघालं तसे आतून काका बाहेर आले. फैसल मलिक पडद्यावर आला की काकांचा चष्मा पुसायला निघतो, हे आता गुपित नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रल्हादचा फौजी मुलगा जातो, तेव्हापासून. त्याच सीझनला 2023 च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फीत सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. वेबमालिकांना पुरस्कार द्यायचं ते पहिलंच वर्ष. काकांना तो पुरस्कार स्वतःला मिळाल्यासारखा वाटतो. चौथ्यात याच प्रल्हादपुढं आमदारकीचं तिकीट येतं.

"उभा राहू नये त्यानं," काका म्हणाले.

"राहावं," काकू म्हणाल्या. "दुःखी माणसाला काम हवं."

"त्याला माणसात राहू दे. राजकारणात नको."

"राजकारणात काय माणसं नसतात?"

नवरा-बायकोचं हे भांडण पाचव्या सीझनपर्यंत मिटणार नाही. तो 2026 मध्ये आणतो म्हणून जाहीर झालंय. सचिवजींना एमबीएच्या कॅट परीक्षेत 97 पर्सेंटाइल मिळालेत, रिंकीनं आणि त्यानं एकदाचं मनातलं बोलून टाकलंय, त्यामुळे तो गाव सोडणार की नाही याची काळजी वरच्या मजल्यावर चालू आहे. मला त्या दोघांची काळजी नाही. शिकलेली पोरं आहेत, बघतील आपलं.

मला उत्सुकता आहे ती क्रांतीदेवीची. सुनीता राजवार यांनी तिला इतकी कडक केलीय की आपण तिला भांडखोर म्हणून मोकळे होतो. पण तिची अवस्था पहिल्या सीझनच्या मंजूदेवीपेक्षा वेगळी कुठं आहे? तिकडे दुबेजी, इकडे भूषण. सही बायकोची, फुशारकी नवऱ्याची. तिलाही कधीतरी गटार बघायला जावंसं वाटेल.

"म्हणजे तुझं मत कुकरला?" काकूंनी विचारलं.

"छे! माझं मत मंजूदेवींनाच. आता कुठं त्या शिकल्या होत्या."

"माझं कुकरला," काकू म्हणाल्या. "आणि तुझ्या भावाला सांग, निकाल लागला, रडणं पुरे. निवडून आलीय, पाच वर्षं काम करू दे बाईला."