पाटी आतून लावावी

घरच्या संगणकाला होस्टनेम द्यावे, ही प्रथा स्तुत्यच आहे. रोमन अक्षरे, अंक, मध्ये आडवी रेघ. मर्यादा 63 अक्षरांची, म्हणजे पणजोबांपर्यंतची वंशावळ सहज मावते. 1990 च्या आरएफसी 1178 या टिपणात तर नाव कसे निवडावे याचे रीतसर मार्गदर्शन आहे. (स्वतःचे नाव देऊ नये, असेही त्यात बजावले आहे. दूरदृष्टी!)

एवढे करून ‘शिवनेरी’ नाव ठेवावे. बाहेरच्या जगाला ते दिसत नाही, हे उत्तमच. इंटरनेट कंपनीच्या सीजीनॅट या पत्ता वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या कृपेने शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता असतो.

महापालिकेनेही हेच धोरण स्वीकारावे. नावाची संगमरवरी पाटी दिवाणखान्यात. बाहेर अख्ख्या पेठेला एकच घर क्रमांक. आमच्या सोसायटीने ठराव एकमताने मंजूर केला आहे. घरपट्टीही एकच येणार. ती कोणी भरायची, या विषयावरची सभा मात्र गणसंख्येअभावी तहकूब झाली.