नाणेखाऊ फोनोग्राफचे अस्सल सुटे भाग कसे ओळखावेत

घरगुती फोनोग्राफ आणि नाणं टाकून ऐकायचा फोनोग्राफ यांतला मूळ फरक सुटे भाग शोधणारे हमखास विसरतात. घरगुती यंत्राचं काम गाणं वाजवणं, तर नाणेखाऊ यंत्राचं खरं काम गाणं थांबवणं. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी लुई ग्लास या गृहस्थांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘पॅले रॉयल’ नावाच्या गुत्त्यात एडिसनचं बॅटरीवर चालणारं यंत्र मांडलं. त्याला कानाला लावायच्या चार नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीला नाण्याची स्वतंत्र खाच. शेजाऱ्याने पैसे भरले म्हणून आपल्या कानात काही पडेल, ही आशा व्यर्थ! सहा महिनेही पुरते झाले नव्हते तोवर या एका यंत्राने हजार डॉलरांवर गल्ला जमवला. पाच सेंटच्या हिशेबाने वीस हजारांवर नाणी झाली. एवढी कमाई निव्वळ सुरेलपणावर होत नाही, दुसरं गाणं फुकट न मिळण्यावर होते. म्हणून संग्राहकाने पहिला नियम मनाशी पक्का करावा: जो भाग बसवल्यावर यंत्र फुकट गाऊ लागतं, तो भाग चुकीचा.

यावर ‘बसला ना, मग झालं!’ असा सनातन आक्षेप येतो. पण बसणं हा पुरावाच नव्हे. एडिसनचा ‘सी’ रिप्रोड्यूसर (सुई धरून आवाज काढणारा भाग) दोन मिनिटांच्या मेणाच्या सिलिंडरसाठी आणि ‘एच’ चार मिनिटांच्या सिलिंडरसाठी, पण हे दोघेही एकाच कड्यात सारख्याच ऐटीत बसतात. दोन मिनिटांच्या सिलिंडरवर इंचाला १०० रेघा असतात, १९०८मध्ये आलेल्या चार मिनिटांच्या अँबेरोलवर २००. मिनिटाला १६० फेऱ्या धरल्या तर दोन मिनिटांत ३२० फेऱ्या होतात आणि सुई तीन इंचांहून थोडी अधिक सरकते. रेघा दुप्पट बारीक केल्या की तेवढ्याच अंतरात चार मिनिटं मावतात. आता बारीक रेघांच्या मेणावर जाड टोकाचा ‘सी’ ठेवला, तर तोही वाजतो. फक्त वाजताना गाणं खरवडून काढतो. सुई पुढे सरकवणाऱ्या मळसूत्राचे आटे मोजून निश्चिंत होणाऱ्यांसाठीही एक इशारा: बऱ्याच यंत्रांत मळसूत्र जुनंच ठेवून मधल्या दातेरी चाकांनी त्याचा वेग निम्मा केलेला असतो. आटे अस्सल निघाले तरी चाकं दुसऱ्याच घरची असू शकतात. उलट प्रकारही घडतो. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले काही जुने भाग कालांतराने फुगतात आणि चिरतात. अशा वेळी मूळ भाग मूळ जागी शिरत नाही आणि कालपरवा कातलेला नकली मात्र सुळकन आत जातो.

मग पुरावा कशाला मानायचा? पेटंटच्या पत्र्यावरच्या तारखांना तर मुळीच नाही. त्या पेटंटच्या तारखा असतात, यंत्राच्या जन्माच्या नव्हेत. पत्रा वाचून यंत्राचं वय सांगणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करावा आणि पुढे जावं. पाहायची ती झीज. हजारो नाणी ज्या पन्हळीतून घसरली तिला नाण्याच्या कडेने घासलेली वाट पडलेली असते, आणि खटक्याचं टोक नाणं आदळतं तिथेच बोथट झालेलं असतं. पन्हळ झिजलेली आणि खटका कोरा, अशी जोडी दिसली की दोघांची ओळख अलीकडची समजावी. कोलंबिया कंपनीच्या ‘बीएस’सारख्या नाणेखाऊ यंत्रात मोटर घरगुती मॉडेलशी मिळतीजुळती असते. त्यामुळे स्प्रिंगा, चाकं, गव्हर्नर मिळून जातात. हरवतो तो नाण्याचा खटका आणि गाणं संपल्यावर सुई उचलून यंत्र बंद करणारा तरफेचा तुकडा. कारण उघड आहे: यंत्र निवृत्त होऊन कुणाच्या दिवाणखान्यात आलं, की मालक आधी हीच अडचण काढून टाकतो. (चोरबाजारात चकचकीत पितळी कर्णा जोडून ‘अँटिक’ म्हणून मिळणाऱ्या ग्रामोफोनांबद्दल इथे बोलायचं कारण नाही. तिथे झिजलेलं असं काही नसतंच.)

‘इतका खटाटोप करून खटका बसवला, पण नाणं कुठून आणायचं?’ हा शेवटचा आक्षेप. याचं उत्तर भलतंच सोपं आहे. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्याचा व्यास १८८३पासून २१.२ मिलिमीटरच आहे. संपूर्ण यंत्राचा हा एकच सुटा भाग आजही मूळ मापात सरकारी देखरेखीखाली तयार होतो. शिवाय तो पाडायला टांकसाळीला पाच सेंटहून जास्त खर्च येतो, म्हणजे आपल्याला सवलतीतच पडतो. आपला रुपया चालवून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. २०११च्या मालिकेतला रुपया २१.९३ मिलिमीटरचा, म्हणजे खाचेतच अडकायचा. समजा कुणी खाच कानशीने घासून मोठी केली, तरी शिकागोच्या जॉन गेबलने १९०६च्या आपल्या ‘ऑटोमॅटिक एंटरटेनर’ या नाणेखाऊ यंत्रात लोखंडी चकत्या पकडायला चुंबक बसवला होता आणि आपला रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा. तो पकडला गेला, तर गेबलचा चुंबक अस्सल आहे एवढं तरी सिद्ध होईल. रुपया सोडवायला मात्र यंत्र पुन्हा उघडावं लागेल.