सोडतो सर

ऑकलंडच्या मराठी मंडळीत त्यांना 'सोडतो सर' म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'सर'. त्यांच्या आडनावाची आणखी दोन कुटुंबं इथे आहेत, पण कायम नोकरी सोडण्याच्या बेतात असलेला माणूस त्या तिन्ही घरांत एकच, म्हणून ही खूण सोयीची पडते. गणपतीच्या आरतीला भेटा, कोणाच्या पन्नाशीला भेटा, नाहीतर सँड्रिंगहमच्या दुकानात कढीपत्ता निवडताना भेटा, "काय सर, कसं काय?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं: "बस्स. हे वर्ष शेवटचं."

हे शेवटचं वर्ष मी बरीच वर्षं बघतोय.

सर मूळचे कराडचे. तिथल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. म्हणजे जनगणना, मतदारयाद्या, निवडणुकीची ड्यूटी आणि खिचडीचा हिशेब यातून वेळ उरला तर शिकवायचे. एकदा तांदळाची पोती आणि नोंदवही यांचा मेळ बसेना म्हणून दहावीचा भूमितीचा तास बुडाला. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, जिथे शिक्षकाला फक्त शिकवावं लागतं अशा देशात जायचं. न्यूझीलंडने त्यांच्या पदव्या तपासल्या, इंग्रजी तपासलं, वर्षभराचा डिप्लोमा करायला लावला आणि मग शिक्षक म्हणून नोंदणी दिली. पहिल्याच आठवड्यात शाळेने त्यांच्या अंगात पिवळंजर्द चमकणारं जाकीट चढवून त्यांना मधल्या सुट्टीत मैदानावर उभं केलं. तसलं जाकीट इथे रस्ता खणणारी माणसं घालतात. सरांनी त्या दिवशी आईला फोटो पाठवला नाही.

खिचडीही मागोमाग आलीच. गरजू वस्त्यांतल्या शाळांना मोफत जेवण देणारी 'का ओरा, का आको' ही सरकारी योजना इथे 2020 पासून आहे. 2025 मध्ये मोठ्या मुलांच्या शाळांत डब्याचा खर्च तीन डॉलरवर आणला, आणि उशिरा येणारे, न खाल्ले जाणारे डबे ही देशभर बातमी झाली. स्टाफरूममध्ये सगळे भडकले होते. सर एकटे शांत. त्यांनी खणातून वही काढली, पट्टीने तीन रकाने आखले: आलेले, वाटलेले, उरलेले. कोणी सांगितलं नव्हतं. "हा माझा प्रांत आहे," एवढंच म्हणाले. घरी येऊन मात्र वहिनींना म्हणाले, "सोडतो."

पहिलं 'सोडतो' 2012 मधलं. त्या वर्षी देशभरच्या शाळांसाठी पगाराची नवी संगणकप्रणाली आली आणि तिने असा गोंधळ घातला की कोणाला पगारच नाही, कोणाला कमी, कोणाला भलताच जास्त. सरांनी चिडून राजीनामा लिहायला घेतला. पण लिहिता लिहिता बाजूच्या बाईंचा पगार किती कापला गेला ते त्यांना तोंडी सांगता आलं. मग तिच्या बाजूच्याचा. बघता बघता अर्धी स्टाफरूम पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन रांगेत उभी. सरांनी आयुष्यात गणिताची इतकी ओढ कोणात पाहिली नव्हती. राजीनाम्याच्या कागदाच्या पाठीवरच ती सगळी आकडेमोड झाली, आणि तो कागद मुख्याध्यापकांकडे पोचला तो पाठीमागच्या बाजूने.

सरांच्या सोडण्याला कॅलेंडर आहे. इथे वर्षाच्या चार टर्म असतात, प्रत्येकी दहाएक आठवड्यांच्या. पहिल्या आठवड्यात सर नवे मार्कर आणतात, मुलांना कुठे बसवायचं याचा नकाशा काढतात. पाचव्यात बोलणं कमी होतं. आठव्यात जेवताना, "अमक्याने म्हणे ट्रकचं लायसन्स काढलं" असं भिंतीकडे बघून सांगतात. नवव्यात राजीनाम्याचा मसुदा तयार होतो. दहाव्यात शाळा सुटते, दोन आठवडे सुट्टी. पहिले दोन दिवस ते झोपतात, मग हिरवळ कापतात, आणि दुसऱ्या आठवड्यात कधीतरी इथल्या स्काय टॉवरच्या 328 मीटर उंचीवर त्रिकोणमितीचा नवा धडा रचलेला असतो. नोटिशीची मुदत दोन महिन्यांची. सरांचा राग एका आठवड्याचा. डिसेंबरात सोडावं, तर सुट्टीचा पगार जानेवारीपर्यंत चालूच असतो, मग घाई कशाला? फेब्रुवारीत वाइतांगीची सुट्टी. मग ईस्टर. दर तीन वर्षांनी शिक्षकाचं प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागतं, फी भरून. तेव्हा सर प्रत्येक वेळी म्हणतात, "हे शेवटचं. पैसे भरलेत म्हणून तीन वर्षं काढतो."

सोडण्याची कारणं खोटी आहेत असं मात्र कोणी समजू नये. शिकवण्याने माणूस इतका दमत नाही. सरांना दमवते ती शिकवण्याची नोंद. हजेरी कमार नावाच्या संगणकप्रणालीवर भरायची, प्रत्येक गैरहजेरीला अक्षर लावायचं: आजाराला एम, योग्य कारणाला जे, दांडीला टी. वर्षभर स्वतःच्या 'व्यावसायिक वाढी'वर चिंतन करून ते लिहून ठेवायचं. सर म्हणतात, "वाढ कसली, अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस वाढतो तो फक्त कमरेला." आणि आठवड्याला जे पाच मोकळे तास मिळतात त्यात एखादा शिक्षक आजारी पडतोच, मग त्याचा वर्ग सांभाळायला सर. एकदा नृत्याच्या वर्गावर पाठवलं होतं. मुलींनी त्यांना पावलं शिकवली. त्याबद्दल ते अजून बोलत नाहीत.

आणि मग एन.सी.ई.ए. दहावीच्या टक्क्यांवर वाढलेल्या माणसाला 2002 पासून इथे रुजलेली ही परीक्षापद्धत गळी उतरवायला किती कष्ट पडले असतील! गुण नाहीत, टक्के नाहीत. नॉट अचीव्ह्ड, अचीव्ह्ड, मेरिट, एक्सलन्स. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी आई हमखास गाठायची: "सर, मेरिट म्हणजे आपले किती टक्के?" सर आधी चिडायचे, मग समजवायचे, मग आकृती काढायचे, मग स्वतःलाच पटायला लागलं. दहा-बारा वर्षांनी ते या पद्धतीचे कट्टर भक्त झाले. "टक्के मुलाला मारतात हो," असं स्टेजवरून बोलले. टाळ्या पडल्या. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये सरकारने प्रस्ताव मांडला की ही पद्धत टप्प्याटप्प्याने काढून टाकू आणि गुण पुन्हा शंभरपैकी देऊ.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. सर सोफ्यावर बसले होते, टीव्ही बंद. "कराडहून निघालो कशासाठी?" एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता मात्र सोडतात. वहिनी चहा घेऊन आल्या तोवर चेहरा बदलला होता. "इथल्या मास्तरांना शंभरपैकी तपासता येतं का? त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर यात फरक काय, कोण सांगणार त्यांना? सगळं बदलून व्हायला 2030 उजाडेल. तोवर कोणीतरी जाणता माणूस पाहिजे."

आता त्यांच्या दुसऱ्या धंद्यांविषयी.

घरं विकण्याची कल्पना सगळ्यात जास्त टिकली. इथे घर विकणाऱ्याला परवाना लागतो, त्याआधी कोर्स. तो करण्यापूर्वी अंदाज घ्यावा म्हणून सर आमच्या एका एजंट मित्राबरोबर रविवारच्या ओपन होमला गेले. काम सोपं होतं: दारात उभं राहायचं, येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची, हसायचं. सरांनी नावं आडनावानुसार लिहून घेतली. एक तरुण जोडपं आत आलं. बाईंनी सहज विचारलं, "घर कधीचं आहे?" घर 1990 च्या दशकातलं होतं, प्लास्टरच्या भिंतींचं. सरांचे डोळे चमकले. त्या काळात इथे हजारो घरं अशी बांधली गेली की भिंतीत पाणी शिरतं आणि आतलं लाकूड कुजतं. लीकी होम्स म्हणून तो प्रकार देशभर गाजलेला आहे. सरांनी जाहिरातीच्या कागदामागे भिंतीचा छेद काढला. छपराची वळचण नसली की पाऊस भिंतीवर कसा येतो, प्लास्टरला तडा गेला की पाणी कुठून शिरतं, मागे हवा खेळायला फट नसली की ते वाळत का नाही, लाकडाला औषध मारलेलं नसलं की बुरशी किती वर्षांत धरते. बाणांसकट. तोपर्यंत दिवाणखान्यात अकरा माणसं गोळा झाली होती. "शंका?" सरांनी विचारलं. एकाने हात वर केला. एजंट मित्र स्वयंपाकघरात सिंकला टेकून उभा होता. लोक जाताना सरांशी हात मिळवून गेले. पुन्हा कोणी फोन केला नाही. मित्र आता सरांना फक्त दिवाळीला बोलावतो.

मग बस. "प्रवासी पाठीमागे बसतात, बोलत नाहीत, आणि स्टॉप आला की आपणहून उतरतात," हे सरांचं स्वप्न. प्रवासी वाहतुकीच्या लायसन्सची चौकशी झाली, पुस्तक आणलं, पाठ झालं. मुलाखतीत कळलं की नव्या माणसाला तुटक पाळी मिळते: सकाळी साडेसातला आणि दुपारी तीनला. मार्ग कुठला? शाळेचा. त्यांच्याच शाळेचा नव्हे, शेजारच्या. पण मुलं त्याच वयाची. डेअरीचंही तसंच. कोपऱ्यावरचं दुकान घ्यावं म्हणून सर एक पूर्ण दिवस ओळखीच्या दुकानात बसले. तीन वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं आणि गणवेशातली चाळीसएक मुलं पाई आणि लॉलीज घ्यायला आत घुसली. सर प्रतिक्षिप्तपणे उभे राहिले आणि म्हणाले, "वन लाइन, प्लीज." लाइन लागली. मालकाने त्यांना तिथेच नोकरी देऊ केली.

सरांची खरी अडचण मला वाटते ती ही, की त्यांना समोर चार माणसं दिसली की त्यांना काहीतरी ठाऊक नसेल असा संशय येतो. इथल्या शाळांत नव्या शिक्षकाने माओरी रिवाजाने ओळख करून द्यायची पद्धत आहे: आधी आपला पर्वत, मग नदी, मग कूळ, शेवटी नाव. सरांनी सह्याद्री सांगितला, कृष्णा सांगितली. कृष्णा सांगितल्यावर कोयना वगळणं जिवावर आलं. त्या दोघी कराडला समोरासमोर येऊन कशा मिळतात ते त्यांनी हातांनी दाखवलं. कोयना म्हटल्यावर धरण, धरण म्हटल्यावर 1967 चा भूकंप. भूकंप हा या देशात सामायिक विषय, त्यामुळे सगळे सावरून बसून ऐकू लागले. नाव सांगायची वेळ आली आणि घंटा झाली. पहिले सहा महिने अर्धा स्टाफ त्यांना 'कोयना' म्हणत होता.

23 ऑक्टोबर 2025 ला शिक्षक, परिचारिका, डॉक्टर असे एक लाखाहून जास्त लोक एकाच दिवशी संपावर गेले. वादळामुळे वेलिंग्टन आणि क्राइस्टचर्चच्या सभा रद्द झाल्या, ऑकलंडला झाली. सर गेले होते. घोषणा दिल्या नाहीत, कारण घोषणेतली आकडेवारी कुठून आली ते कोणी सांगेना. पण मागच्या रांगेतल्या एका पोराच्या फलकावर शब्द चुकला होता, तो त्यांनी खिशातल्या मार्करने दुरुस्त करून दिला. पोरगा शिक्षक होता, दुसऱ्याच वर्षाला. "मी सोडायचा विचार करतोय," तो म्हणाला. सरांनी त्याला तिथेच आपला नंबर दिला.

त्यातून जे सुरू झालं ते अजून चालू आहे. महिन्यातल्या एका शनिवारी सरांच्या गॅरेजमध्ये चार-पाच थकलेले शिक्षक जमतात. दोन मराठी, एक फिजीची बाई, तो फलकवाला पोरगा, कधी आणखी कोणी. विषय: नोकरी कशी सोडावी. सर शिकवतात. घराच्या कर्जाचे हप्ते मांडून दाखवतात, दुसऱ्या क्षेत्रात आपलं कुठलं कौशल्य विकलं जातं याचा तक्ता देतात, घरचा अभ्यास देतात. राजीनाम्याची पत्रं सगळ्यांनी लिहून आणायची. फिजीच्या बाईंचं पत्र सरांनी वाचून दाखवलं: "मुद्दे नेमके, आभार मोजके, सूर ठाम. एक्सलन्स." ती सोमवारी ते पत्र देऊन मोकळी झाली, आता नगरपालिकेत आहे. फलकवाल्या पोराला अचीव्ह्ड मिळालं. तो बिचारा अजून वर्गावर आहे, कारण सरांनी सुधारून आणायला सांगितलंय. वहिनी त्या शनिवारी कांदेपोहे करतात आणि म्हणतात, "दोघातिघांचं सुटलं. घरचं काम राहिलं."

गेल्या रविवारी गेलो तर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला गार झालेला चहा, आणि सर रिपोर्ट लिहीत होते. कराडला चार शब्दांत काम व्हायचं: अभ्यास नाही, पालकांनी भेटावे. इथे वाईट लिहायचं नाही. जे आहे त्यातलं चांगलं शोधायचं. वर्गात जवळपास न येणाऱ्या एका मुलाविषयी सर बराच वेळ अडले होते. शेवटी लिहिलं, "वर्गात असतो तेव्हा त्याची उपस्थिती जाणवते." वाचून स्वतःच खूश झाले आणि चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे वळले.

"मधमाश्यांचं बघतोय," म्हणाले. "मानुकाच्या मधाला भाव चांगला आहे. चार पेट्यांपासून सुरुवात. माशी कशी असते माहितेय? नेमून दिलेलं काम करते, उलट विचारत नाही, आणि ती नाचून दुसऱ्या माशीला फुलांची दिशा सांगते, कोनासकट. कोनासकट! सूर्याशी किती अंशांचा—" त्यांनी पेन्सिल शोधायला सुरुवात केली.

"सर," वहिनी आतून म्हणाल्या. चिडल्या की त्याही सरच म्हणतात. "अजून एकोणीस रिपोर्ट आहेत. उद्या नऊला सिस्टीम बंद होणार."