सर, ते नॉर्मल आहे

सेडान घेणे हा मराठी मध्यमवर्गात सोळा संस्कारांनंतरचा सतरावा संस्कार आहे. हॅचबॅक गरजेपोटी घेतली जाते, एसयूव्ही शेजाऱ्याला दाखवायला. सेडान मात्र ‘आयुष्यात काहीतरी केलं’ याची नोंद म्हणून दारात येते. शोरूमवाले लाल कापड ओढतात, पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली हातात देतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पेढे वाटतात, फोटो काढतात. एवढ्या मंगल प्रसंगी अशुभ बोलू नये म्हणून असेल, पण एक गोष्ट कोणीच सांगत नाही. ही गाडी बनवताना ज्यांचा ज्यांचा विचार झाला, त्या यादीत चालवणाऱ्याचा नंबर बराच खाली होता.

यादीत पहिला मान शोरूमचा.

शोरूममध्ये पाऊस पडत नाही. तिथे गाडी उभी असते, थंडावा शोरूमच्या एसीचा असतो आणि गाडीत हलणारी वस्तू एकच असते: डॅशबोर्डच्या मधोमध उगवलेला टीव्ही. विक्रेता त्यावर बोट फिरवतो, दारातल्या दिव्यांचे रंग बदलतात, आपण माना डोलावतो. जुन्या गाडीतली बटणे इथे कुठेच नाहीत हे आपल्याला दिसत असते. पण विक्रेता त्याला ‘क्लीन डॅशबोर्ड’ म्हणतो आणि सौ. म्हणतात, ‘‘बरं झालं, पुसायला सोपं.’’

मग जुलै येतो. ताम्हिणी घाटात पाऊस, धुके आणि कणसे खायला थांबलेल्यांच्या गाड्या एकाच वळणावर भेटतात, आणि नेमकी तेव्हाच पुढच्या काचेवर आतून वाफ धरते. पूर्वी ती घालवायला एक खटका असे. तो कुठे आहे हे हाताला ठाऊक होते. डोळ्यांना त्यात पडायचे कारण नव्हते. आता आधी नकाशा बाजूला सारायचा, मग ‘होम’, मग ‘क्लायमेट’, मग वाकड्या रेघांची जुळ्या भावंडांसारखी दोन चित्रे, त्यातली पुढची काच कुठली आणि मागची कुठली हे ओळखायचे. शेजारच्या सीटवरून मदत सुरू होते.

‘‘अहो, ते पंख्याचं दाबा ना.’’

‘‘तो पंखा नाही, फूल आहे.’’

‘‘गाडीत फूल कशाला?’’

या चर्चेत रस्त्याने वळण घेतलेले असते. गाडीने अजून घेतलेले नसते. तेवढ्यात पडद्यावर सूचना उमटते: ‘वाहन चालवताना स्क्रीनकडे पाहू नका.’

दोष आपल्या बोटांचा असावा असे वाटत होते, पण जर्मन बोटांचेही तेच झाले आहे. तिथे एका टेस्ला चालकाने धो-धो पावसात वायपरचा वेग बदलायला पडद्याला हात घातला आणि गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. २०२० साली कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने त्याला २०० युरो दंड आणि महिनाभर वाहनबंदी ही शिक्षा कायम केली. न्यायालयाचे म्हणणे असे की गाडीत बसवलेला पडदा हेसुद्धा मोबाइलसारखे इलेक्ट्रॉनिक उपकरणच. चालवताना त्यात डोके घालायचे नाही. म्हणजे वायपर पडद्यात कोंडणारा नामानिराळा आणि पावसात वायपर शोधणारा गुन्हेगार. न्याय आंधळा असतो म्हणतात. त्याच्याही काचेवर वाफ धरली असावी.

स्वीडनच्या ‘व्ही बिलेगारे’ या मोटार-नियतकालिकाने २०२२ मध्ये याचे मोजमापच केले. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चार साधी कामे करायची: तापमान वाढवणे, रेडिओचे केंद्र लावणे वगैरे. बटणे असलेल्या २००५ सालच्या जुन्या व्होल्वोत ती १० सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यांत मागे पडलेल्या नव्याकोऱ्या गाडीत त्याच कामांना जवळजवळ ४५ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. म्हणजे जवळजवळ चौदाशे मीटरचा रस्ता अधूनमधून वर बघत, देवाच्या भरवशावर. आपल्याकडे तो भरवसा आधीपासूनच डॅशबोर्डवर चिकटवलेला असतो, एवढाच काय तो दिलासा.

मग बटणे गेली कुठे? हिशेब सोपा आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, ते हजारो वेळा दाबून तपासावे लागते. पडदा एकदा बसवला की बाकीचे सगळे सॉफ्टवेअरमध्ये ढकलता येते. शोध काही नवा नाही. १९८६ सालीच ब्यूक रिव्हिएरा या अमेरिकी गाडीत टचस्क्रीन आला होता. गिऱ्हाइकांनी नाके मुरडली आणि काही वर्षांत कंपनीने तो निमूट काढून घेतला. फरक इतकाच की तेव्हाच्या गिऱ्हाइकाला तो त्रास वाटला, आपल्याला प्रीमियम वाटतो. कंपनीला जे स्वस्त पडते ते आपण महाग समजून घ्यायचे, हा या धंद्यातला सर्वांत यशस्वी शोध आहे आणि त्याला इंजिनसुद्धा लागत नाही.

यादीत दुसरा नंबर अर्थखात्याचा.

सेडान म्हणजे मागे डिकी असलेली गाडी, अशी आपली भाबडी समजूत. सरकारच्या दृष्टीने ती ४,००० मिलिमीटरच्या आत किंवा बाहेर असलेली वस्तू आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क घटवले आणि छोटी गाडी कोणती तेही ठरवून दिले: चार मीटरच्या आत लांबी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. झाले! इंजिनिअर पट्टी घेऊन बसले. पुढचा भाग कापता येत नाही, तिथे इंजिन असते. मधला कापता येत नाही, तिथे गिऱ्हाईक असते. राहिली शेपटी. डिझायर २००८ साली आली तेव्हा ४,१६० मिलिमीटर लांब होती आणि डिकी ४४० लिटरची. २०१२ मध्ये ती ३,९९५ मिलिमीटरची होऊन अवतरली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. लग्नाला निघालेल्या कुटुंबाची एक मोठी बॅग अशा रीतीने करसवलतीत जमा झाली. सप्टेंबर २०२५ पासून तर या रेषेच्या आत १८ टक्के जीएसटी आणि बाहेर ४० टक्के. मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लागले की तक्रार कंपनीकडे करू नये. ते पाच मिलिमीटर वाचवून देशाच्या कायद्याचा मान राखल्याचे फळ आहे.

तिसरा नंबर प्रयोगशाळेचा.

‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा आपला राष्ट्रीय प्रश्न. उत्तर ब्रोशरवर छापलेले असते आणि ते खोटे मुळीच नसते. ते फक्त आपल्या रस्त्यावरचे नसते. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था १९६६ पासून आहे. अशा प्रयोगशाळेत गाडीची चाके रुळांवर फिरतात, गाडी जागची हलत नाही. वेगाचा आलेख ठरलेला, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद. तिथे खड्डा नाही, वरात नाही, उलट्या दिशेने येणारा दूधवाला नाही. गाडीला असे अ‍ॅव्हरेज तिथे देता येते यात नवल नाही. त्या हवेत माणूससुद्धा शंभर वर्षे जगेल. टेकडी उतरून खाली कर्वे रस्त्यावर आले की खरा आकडा सुरू होतो.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय याच परीक्षेच्या कामाची. उभ्या गाडीत इंजिन जितका वेळ बंद, तितके तेल वाचते. परीक्षेत मार्क मिळतात. म्हणून आपण ती सोय बंद केली तरी पुन्हा गाडी सुरू करताना ती हजर. मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपूरच्या सिग्नलला इंजिन गप्प झाले की एसीतून पंख्याचा नुसता वारा येऊ लागतो, आणि मागच्या सीटवरून आजी विचारतात, ‘‘बंद पडली का रे?’’ त्यांना पर्यावरण समजावून सांगेपर्यंत सिग्नल हिरवा झालेला असतो.

त्यात टाकीत आता २० टक्के इथेनॉल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटते हे सरकारलाही मान्य आहे; वाद फक्त ‘थोडे’ किती यावर. पश्चिम महाराष्ट्रातल्या गाडीमालकाने मात्र कुरकुर करू नये. इतकी वर्षे साखर कारखान्याचे राजकारण त्याच्या डोक्यात होते, आता टाकीत आले. घाटात गाडीने दम टाकला तर समजावे, चेअरमनपदाची निवडणूक जवळ आली असेल.

पिकअपचे दुसरे दुखणे गिअरचे. स्वस्तातल्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते, आणि प्रत्येक बदलाच्या आधी क्षणभर विचार करते. त्या क्षणी गाडी पुढे झुकते, मग मागे जाते, आणि आत बसलेले पाचही जण एकदम होकार देतात. कुटुंबात इतके एकमत दुसऱ्या कशानेही होत नाही. पण समोरून ट्रक येत असताना ओव्हरटेकसाठी पाय दाबावा आणि यंत्राने विचारात पडावे, तेव्हा या एकमताचा आनंद घेता येत नाही.

चौथ्या नंबरवर आहे परदेशातला रस्ता. नव्या सेडानमध्ये कॅमेरा आणि रडार असतात. ते लेन ओळखतात, आपण पट्टा ओलांडला तर स्टिअरिंग हळूच मागे ओढतात, समोर अडथळा दिसला तर ब्रेक लावतात. यंत्रणा उत्तम आहे. तिला फक्त आपली ओळख नाही. द्रुतगती मार्गावर उजव्या लेनमध्ये कंटेनर संसार थाटून बसलेला असतो हे तिला कोणी सांगितलेले नाही. साताऱ्याकडे जाताना दुचाकीवाला दोन गाड्यांच्या फटीतून घुसतो, आपल्या दृष्टीने तो रोजचाच. गाडीच्या दृष्टीने प्रलय. ती कचकन ब्रेक मारते. गाडी स्वतःहून थांबते; मागून येणाऱ्या एसटीला ती बातमी अजून पोहोचलेली नसते.

हे सगळे घेऊन मालक सर्व्हिस सेंटरला जातो. तिथे कॉफी फुकट असते आणि एक वाक्यही. गिअर बदलताना हिसका बसतो? ‘‘सर, ते नॉर्मल आहे.’’ पडदा मध्येच काळा होतो? ‘‘अपडेट येतंय, सर.’’ चढावर एसी लावला की गाडी ओढत नाही? ‘‘ह्या मॉडेलला सगळ्यांनाच आहे, सर.’’ आपले दुखणे सार्वत्रिक आहे हे ऐकून माणसाला बरे वाटते, या मानवी स्वभावावर सबंध सर्व्हिस खाते चालते. फारच हट्ट धरला तर सल्लागार स्वतः गाडी घेऊन एक चक्कर मारतो. त्याच्या हातात गाडी सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी वागते, आणि परत येऊन तो मोठ्या अदबीने म्हणतो, ‘‘तुमचं ड्रायव्हिंग थोडं बघावं लागेल.’’

इथे कोणीतरी पद्मिनीचा उसासा टाकतो. टाकू नये. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती प्रीमियर पद्मिनी खंडाळ्याच्या घाटात पाणी उकळून उभी राही, तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असे आणि तो पडायला नशीब लागे. पण तिच्या बाजूने एक गोष्ट नक्की. काय बिघडले ते कळत असे. बॉनेट उघडले की दोष दिसायचा, आणि पाण्याची बाटली हे त्यावरचे औषध होते. आजची गाडी बिघडत नाही. ती फक्त आपले ऐकत नाही, आणि ते नॉर्मल असते.

बटणांच्या बाबतीत मात्र परिस्थिती बदलते आहे म्हणतात. पडद्यापेक्षा बटण बरे, हा धडा अमेरिकी आरमाराला फार महाग पडला. २०१७ मध्ये ‘जॉन एस. मॅकेन’ या विनाशिकेची सिंगापूरजवळ तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन दहा खलाशी गेले. चौकशीत टचस्क्रीनच्या गुंतागुंतीच्या नियंत्रणांवर बोट ठेवले गेले आणि आरमाराने अशा विनाशिकांवर हाताने ओढायचे दांडे परत बसवायचे ठरवले. फोक्सवॅगननेही स्टिअरिंगवरची स्पर्शपट्टी चुकली हे मान्य करून खरी बटणे परत आणायला घेतली. युरोपातल्या सुरक्षा-चाचणीचे, युरो एनकॅपचे, २०२६ पासूनचे नियम इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि तातडीच्या मदतीचा कॉल यांना स्वतंत्र, हाताला लागणारी बटणे असतील तरच पूर्ण गुण देतात. हॉर्न हॉर्नच्या जागी असावा, हे माणसाला लेखी कळवावे लागले.

तेव्हा बटणे आपल्याकडेही परत येतील, यात शंका नाही. पण ती फुकट येणार नाहीत. आधी टॉप मॉडेलला येतील. ब्रोशरमध्ये त्यांना ‘सिग्नेचर टॅक्टाइल कंट्रोल्स’ म्हणतील, बेस मॉडेलवाल्या गरिबांना पडद्यावरच भागवावे लागेल. विक्रेता आपले बोट धरून त्या जागेवर नेईल आणि हळूच म्हणेल, ‘‘दाबून बघा, सर. न बघता दाबा.’’ आपण दाबू. टक् असा आवाज येईल. घरातले सगळे एकमेकांकडे कौतुकाने बघतील, आणि आपण घसा खाकरून विचारू, ‘‘हे बटणांचं पॅकेज ईएमआयमध्ये बसवता येईल का हो?’’